सर्व्हर बंद करू नये

जगातली पहिली वेबसाईट ज्या संगणकावर चालायची, त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी लाल शाईत लिहून ठेवलं होतं, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. पुढे दोन उद्गारचिन्हं. साल १९९१ च्या आगेमागे. आता सर्न म्हणजे काही येरागबाळ्यांची जागा नव्हे, तिथे झाडून सगळे पदार्थविज्ञानातले. तरी येताजाता कुणीतरी बटण बंद करील ही धास्ती तिथेही होतीच. त्यामुळे आमच्या ओट्याशेजारच्या प्लगवर मी 'सर्व्हर. बंद करू नये.' अशी पाटी लावली ती एका थोर परंपरेला धरूनच होती. स्वयंपाकाच्या मावशींनी पाटी मोठ्याने वाचली, मान डोलावली आणि विचारलं, "मग ताई, मिक्सर कुठं लावू?"

या प्रश्नाचं उत्तर सर्नमध्येही कुणाकडे नसणार.

सर्व्हर ओट्याशेजारी ठेवला त्याला कारण आहे. आमच्या घरात इन्व्हर्टरला जोडलेले प्लग दोनच. एक बाहेरच्या खोलीत, त्यावर सासूबाईंचा टीव्ही. त्याच्याकडे मान वर करून बघायची कुणाची टाप नाही. उरला ओट्याशेजारचा. आणि इन्व्हर्टर तर हवाच, कारण आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते ती गुरुवारी. जाते ती एकदाच, पण परत येताना तीन-चारदा डोकावून, जरा थबकून, मग स्थिरावते.

माझा सर्व्हर म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा, तळहातावर मावणारा संगणक. २०१२ साली केंब्रिजच्या मंडळींनी तो मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून बाजारात आणला, किंमत ३५ डॉलर. मुलं शिकली का ते ठाऊक नाही. माझा संशय असा, की जगभरच्या निवृत्त लोकांनी तो मधल्या मध्ये पळवला. त्याचा सगळा संसार एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर असतो. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की लिहिलेलं अर्धवट राहतं आणि मग पाय उठायचं नाव घेत नाही. लाल दिवा लागतो, हिरवा लुकलुकत नाही. बरं, इन्व्हर्टर असूनही असं का व्हावं? तर साधा इन्व्हर्टर बॅटरीवर यायला निमिषभर लावतो. ते पंख्याला कळत नाही, पण संगणकाला कळतं. यासाठी इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असं लिहिलेलं एक बारकं बटण असतं. ते शोधताना इन्व्हर्टरमागची जळमटं काढावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "काही का असेना, तेवढा कोपरा तरी झाडला गेला." माझ्या तांत्रिक कामाचं घरात झालेलं हे पहिलं कौतुक.

मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवत असे. निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणींपैकी कुणी गीतेचा वर्ग लावला, कुणी हार्मोनियम काढली, एक तर चक्क नातवंडांकडे कॅलिफोर्नियाला जाऊन राहिली. मी वेबसाईट काढली. पत्ता मिळवणं सोपं असतं. पहिलं वर्ष जवळजवळ फुकटात देतात आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण भाव लावतात. तोवर आपण त्या पत्त्याची कार्डं छापून बसलेले असतो. मी नव्हती छापली, नवऱ्याने छापली. शेवटी '.भारत' असलेला देवनागरी पत्ताही २०१४ पासून मिळतो, आणि मला तोच हवा होता. पण फोनवर कुणाला सांगायला जावं तर पलीकडून प्रश्न येतो, "स्पेलिंग काय?" म्हणून गपचूप '.इन' घेतला.

खरी गंमत त्याच्यापुढे. सर्व्हर घरात, पण घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नाही! जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४ अब्ज २९ कोटी. १९८१ मध्ये ही व्यवस्था कागदावर आली तेव्हा एवढे पत्ते पुरून उरतील असं वाटलं असणार. आता ते संपले, म्हणून इंटरनेट पुरवणारे एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात. तुम्हाला बाहेर जाता येतं, पण बाहेरून कुणी तुमच्याकडे यायला निघालं तर त्याला नेमकं घर सापडत नाही. मी मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, राउटर बंद करून परत चालू केलात का?"

"केला. मला स्थिर आयपी हवाय."

"मॅडम, तुमचा स्पीड स्थिरच दिसतोय."

"स्पीड नाही हो, पत्ता. माझ्या घरी सर्व्हर आहे."

बराच वेळ शांतता. मग अतिशय मायेने, "मॅडम, इंटरनेट चालू आहे ना? मग तक्रार काय म्हणून लिहू?"

शेवटी भावाच्या मुलाने डब्लिनहून फोनवर सांगत सांगत एक बोगदा खणून दिला. म्हणजे आमच्या ओट्यापासून बाहेरच्या एका भाड्याच्या यंत्रापर्यंत कायम चालू राहणारी जोडणी. वाचक त्या यंत्रावर येतो आणि तिथून आतल्या रस्त्याने आमच्या मिक्सरशेजारी पोचतो. हे सगळं मी नवऱ्याला आकृती काढून समजावलं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "अगं, मग सगळी वेबसाईट त्या भाड्याच्या यंत्रावरच का नाही ठेवत?" हा प्रश्न इतका बरोबर होता, की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

वेबसाईटवर मी पाऊस लिहिते. आमच्या बाल्कनीत पडलेला. पुण्यात राहून पाऊस मोजायला निघणं हा तसा आगाऊपणाच. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून शिमला ऑफिसच म्हणतात, आणि चौकालाही तेच नाव चिकटलं. तिथल्यासारखं पर्जन्यमापक मोकळ्या मैदानात, भिंतींपासून लांब असायला हवं. आमच्या बाल्कनीसमोर नऊ मजली इमारत आहे. त्यामुळे मी मोजते तो शेजारच्या बिल्डरने राहू दिलेला पाऊस.

यंत्र मात्र मोठं लोभस आहे. वर नरसाळं, खाली दोन बाजूंची एक इवली पळी. एका बाजूला ठरलेलं पाणी साचलं की पळी कलंडते, दुसरी बाजू वर येते. कलंडताना तिच्यावरचं चुंबक शेजारच्या स्विचवरून जातं आणि संगणक एक आकडा वाढवतो. एकदा कलंडली म्हणजे साधारण पाव मिलिमीटर पाऊस. रात्री पावसात बाल्कनीचं दार किलकिलं ठेवून तिची टकटक ऐकत पडून राहावं.

पण एप्रिलमध्ये रणरणत्या दुपारी वेबसाईटवर पाऊस सुरू झाला. जाऊन बघते तर नरसाळ्याच्या काठावर कबुतर. ते मान हलवत गोल फिरलं की सगळं यंत्र डुलायचं आणि पळी कलंडायची. जुलैमध्ये याच्या उलट. बाहेर नुसती झोड उठलेली आणि वेबसाईटवर शून्य, कारण नरसाळ्याच्या नळीत काड्या आणि कबुतराचा इतर ऐवज. मी वर जाळी बसवली. कबुतराला ती घरट्यासाठी फारच पसंत पडली. हवामान खात्यातल्या लोकांविषयीचा माझा आदर या एका पक्ष्यामुळे दुणावला.

वाचायला कोण येतं, हे सर्व्हरच्या नोंदींवरून कळतं. पत्ता मी अजून सख्ख्या बहिणीलाही सांगितला नव्हता तेव्हापासून तिथे वर्दळ! मागाहून उलगडा झाला. वेबसाईटला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हल्ली ते फुकट मिळतं, पण त्याची नोंद जाहीर यादीत होते. आणि त्या याद्यांवर डोळा ठेवून बसलेली यंत्रं नव्या पत्त्यावर लगोलग हजर होतात. बोहारणी जशा दुपारच्या वेळी दारोदार जुने कपडे विचारत फिरतात, तशी ही यंत्रं रात्रंदिवस वर्डप्रेसचं लॉगिनचं पान विचारत फिरतात. माझ्याकडे वर्डप्रेस नाही. नाही म्हटलं तरी पाच मिनिटांनी परत तेच. त्यांना आवरायला 'रोबॉट्स' नावाची एक फाईल ठेवायची पद्धत १९९४ पासून आहे. तिच्यात यंत्रांनी कुठे जावं, कुठे जाऊ नये हे लिहायचं. पण ती नुसती विनंती असते; सभ्य यंत्रं ती पाळतात आणि असभ्य यंत्रं नेमकं 'जाऊ नये' लिहिलेल्या जागी आधी जातात. मी पूर्वी कॉलेजात वर्गांच्या खोल्यांवर देखरेख करत असे, त्यामुळे मला धक्का बसला नाही.

नोंदींत एक गाव मात्र रोज यायचं: अमेरिकेतलं ॲशबर्न, व्हर्जिनिया. नवऱ्याने ते पाहिलं आणि टेकडीवर फिरायला येणाऱ्या त्याच्या मंडळात सांगून टाकलं, की हिची वेबसाईट अमेरिकेत एक कुटुंब रोज रात्री न चुकता वाचतं. मंडळातल्या एकाने त्या कुटुंबाचं आडनाव जोशी असणार असाही तर्क केला. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "आत्या, ॲशबर्न म्हणजे डेटा सेंटरांचं आगर आहे. तुझा पाऊस तिथे यंत्र वाचतंय." हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. टेकडीवर त्याला मान आहे.

माणसं अगदीच नाहीत असं नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी मस्कतहून वाचते. तिथे वर्षाला जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस. आमच्या बाल्कनीत एका दिवसात तीस मिलिमीटर पडला की तिला त्यात काय मिळत असेल ते मी समजू शकते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सासूबाईंनी विळी, कात्री, शिलाई मशीन यांच्या ओळीत सर्व्हरलाही हळदकुंकू वाहिलं. झेंडूचं टपोरं फूल ठेवलं ते बरोबर डब्याच्या पंख्यावर. पायचं तापमान ८० अंशांवर गेलं की तो जिवाच्या भीतीने आपणहून वेग कमी करतो. त्या दिवशी वेबसाईट सावकाश चालली, पण सोवळ्यात चालली.

या सगळ्या प्रपंचाला लागणारं सामान मी तापकीर गल्लीच्या परिसरातून आणते. घरपोच मिळतं हे मला माहीत आहे. पण बुधवार पेठेतल्या त्या दुकानातले चहाच्या डब्याएवढे शेकडो खण, त्यांवरची पुसट अक्षरं, आणि चष्मा कपाळावर चढवून रेझिस्टरवरचे रंगांचे पट्टे नुसत्या डोळ्यांनी वाचणारे दुकानदार काका घरपोच मिळत नाहीत. पहिल्या खेपेला त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "मुलाचं प्रोजेक्ट का?"

मला मूल नाही. पण रांगेत माझ्यामागे चार जण होते, आणि 'नाही, माझ्यासाठीच' म्हटलं असतं तर सगळ्यांना खुलासा करावा लागला असता. मी हो म्हटलं.

"कितवीत?"

"इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला."

काकांनी चष्मा खाली घेतला. "शेवटच्या वर्षाला आहे आणि रेझिस्टर आणायला आई?"

तेव्हापासून तो मुलगा माझ्या गळ्यात पडला. दर खेपेला त्याची चौकशी. मी सेन्सर जळाला म्हणून दुसरा मागितला की काका म्हणणार, "त्याला सांगा, आधी वायरी तपास, मग वीज दे." मला ते पटायचं; आणि मुलाच्या वतीने रागही यायचा. जूनमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "लागला का कॅम्पसमधून?" मी नाही म्हटलं. काकांनी सोल्डरच्या तारेचं एक वेटोळं पैसे न घेता पिशवीत टाकलं. "होईल हो. धीर सोडू नका." घरी येईपर्यंत मला त्या पोराची खरोखरच काळजी लागून राहिली.

इथपर्यंत सगळं निर्वेध चाललं होतं, कारण यातल्या कशाचाही कुणाला उपयोग नव्हता. घोळ सुरू झाला तो उपयोग सुरू झाल्यावर.

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी गच्चीत. वॉचमन मामा पंप लावतात, टाकी भरते, वाहते, पार्किंगच्या पत्र्यावर पाणी कोसळलं की मामा धावत जाऊन पंप बंद करतात. मी झाकणाला आतून एक सेन्सर लावला. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. आवाज पाण्यावर आपटून परत येतो. लागलेला वेळ आणि ध्वनीचा सेकंदाला सुमारे ३४० मीटरचा वेग यांवरून अंतर काढायचं. फळ्यावर हे गणित मी तीस वर्षं सोडवलं. फळ्यावर वाफ नसते. टाकीत असते, आणि तिने पहिला सेन्सर महिनाभरात गंजवला. मग पाण्याला दाद न देणारा दुसऱ्या जातीचा आणला. तो दणकट होता, पण त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरांच्या आतलं काही कळत नाही. म्हणजे टाकी भरत आली, जेव्हा त्याने बोलायला हवं, नेमका तेव्हाच तो बहिरा. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घेऊन सेन्सर झाकणाच्या वर उचलून बसवला, तेव्हा कुठे तो भरलेली टाकी मान्य करू लागला.

हे मी मामांना मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्यांनी कौतुकाने पाहिलं. "छान आहे मॅडम. मला तसं आवाजावरनं कळतं." म्हणजे कसं? "पाणी चढलं की आवाज पण चढतो ना." टाकीत हवेची जागा कमी होते तसा स्वर वर जातो. बारावीच्या प्रॅक्टिकलमधला अनुनाद नलिकेचा प्रयोग मामा रोज सकाळी खालून कान लावून करत होते, तोही जर्नल न लिहिता. मग टाकी वाहू का देता? तर म्हणाले, "वाहिल्याशिवाय वरच्या लोकांना पटत नाही भरली म्हणून."

नवऱ्याने या खेपेला थेटच विचारलं, की मामांना कळतंय तर तुझं यंत्र कशाला? मी त्याला केंब्रिजच्या कॉफीची गोष्ट सांगितली. तिथल्या संगणक प्रयोगशाळेतल्या लोकांना इमारतीच्या इतर भागांतून जिन्यांची चढउतार करून यावं आणि कॉफीचं भांडं रिकामं निघावं, असं वारंवार व्हायचं. १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा लावला. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं, आणि कृष्णधवल, टपाल तिकिटापेक्षा फार मोठं नसलेलं ते भांडं जगभरची माणसं बघत बसली. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा ते बिघडलेलं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घेतलं 'श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाच्या वेब आवृत्तीने. नवऱ्याने क्षणभर विचार केला. "आपली टाकी पाच हजार लिटरची आहे," तो म्हणाला. "तिचे किती येतील?"

टाकीची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्यानेच टाकली. मे महिना होता. सकाळी सात वाजता बी विंगमधल्या कुणीतरी '४० टक्के' वाचलं आणि बादल्या भरून ठेवल्या. त्यामुळे झाली ३२. बत्तीस वाचून ए विंगने पिंपं भरली. आठ वाजता टाकी कोरडी पडली. एरवी ४० टक्क्यांत आमची सोसायटी दुपारपर्यंत आरामात जगत असे, फक्त ते ४० टक्के आहेत हे कुणाला माहीत नसे.

मग फोन. "वहिनी, ६१ दाखवतंय, खरं का?" "मॅडम, तुमचा आकडा हलत नाहीये." "काकू, मी शॅम्पू लावलाय, किती आहे बघून सांगता का?" गुरुवारी वीज गेल्यावर पूर्वी मी सर्व्हर बंद ठेवून वाचत पडत असे, आता तीन मिनिटं बंद पडला तर दाराची बेल वाजते. पाऊस चुकला तर मस्कतची पोर कधी बोलली नाही. टाकी दोन टक्क्यांनी चुकली की सेक्रेटरी येतात. वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला: 'सदर यंत्रणा सौ. मॅडम यांनी विनामूल्य व अखंडित चालू ठेवावी असे सर्वानुमते ठरले.' इतिवृत्त नंतर फिरलं. अनुमोदक म्हणून खाली नवऱ्याचं नाव.

अखंडित म्हटल्यावर एक सेन्सर हाताशी जादा हवा, म्हणून परवा पुन्हा बुधवार पेठ गाठली. काकांनी खणातून दोन सेन्सर काढले, पुसले, आणि ते बांधताना म्हणाले, "ताई, एक काम होतं. आमच्या दुकानाची एक वेबसाईट करून हवीय. सगळे खण, भाव, काय शिल्लक आहे ते रोजच्या रोज दिसायला पाहिजे. तुमच्या चिरंजीवांना पाठवा ना. अजून घरीच आहे ना तो?"

शेकडो खण. रोजच्या रोज. माझ्या डोळ्यांपुढे काकांचे सकाळी सातचे फोन उभे राहिले.

"तो जर्मनीला गेला," मी म्हटलं. "एमएस करायला."

"वा!" काकांना मनापासून आनंद झाला. मागे वळून त्यांनी नोकरालाही सांगितलं, की ताईंचा मुलगा जर्मनीला गेला, तो रेझिस्टरवाला. मग पुडी माझ्या हातात देता देता त्यांनी ती परत थोडी मागे घेतली.

"मग आता हे कुणासाठी नेताय?"